स्वतःच्या शरीरावरचा एकल प्रयोग: आधी काय, मग काय

अपंग आणि क्वीअर (लिंगभाव किंवा लैंगिकतेच्या ठरावीक चौकटीत न बसणाऱ्या) कलाकारांच्या पहिल्यावहिल्या एकल प्रयोगात एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते, म्हणून हा लेख. आधी आठवणी लिहिल्या जातात. त्यांची संहिता होते, तिच्यावर हालचाली बसतात, दिवे ठरतात, सभागृह ठरतं. शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "अंध प्रेक्षक आले तर? आणि तुम्ही मंचावर चढणार कसे?" मग धावपळ करून एक फळी आणली जाते, सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला कोपऱ्यात उभं केलं जातं, आणि ज्या शरीराबद्दल सगळा प्रयोग आहे ते शरीर प्रयोगाच्या दिवशी पार थकलेलं असतं.

क्रम उलटा हवा. शरीराला काय लागतं ते पहिलं. त्यातून प्रश्न, प्रश्नातून कृती, कृतीबरोबरच तिचं वर्णन, आणि मग जागा, प्रेक्षक, तालीम. अर्ध्या तासाच्या प्रयोगाला यासाठी दहा-बारा आठवडे धरा. त्याहून कमी वेळ हातात असेल तर प्रयोग लहान करा, टप्पे गाळू नका.

शब्दांबद्दल एक गोष्ट आधीच सांगायला हवी. मी इथे "अपंग" हाच शब्द ठेवला आहे. "दिव्यांग" ज्यांना आपला वाटतो त्यांनी तो ठेवावा. पण तुमच्या जाहिरातीत कोणता शब्द छापला जाईल हे तुम्हीच ठरवा आणि आयोजकांना लेखी कळवा. "ट्रान्स", "पारलिंगी" (जन्मावेळी ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळं लिंग आपलं मानणारे), "क्वीअर" या शब्दांनाही हेच लागू.

## टप्पा १: शरीराची वही

एक साधी वही घ्या. सलग चौदा दिवस, सकाळ-दुपार-रात्र, चार गोष्टी लिहा: किती वेळ बसता किंवा उभं राहता आलं, कुठे आणि किती दुखलं, श्वास कसा होता, आणि आरशासमोर किंवा चारचौघांत आपलं शरीर आपलं वाटलं का. शेवटची नोंद बहुतेक जण गाळतात, कारण ती आजारपणाची वाटत नाही. पण एखाद्या दिवशी छातीकडे बघवत नसेल, तर त्या दिवशी छाती उघडी टाकणारा प्रवेश होणार नाही. हे तालमीत कळण्यापेक्षा वहीत कळलेलं बरं.

चौदा दिवसांनी वहीतून तीन गोष्टी काढा: न दुखता सलग किती मिनिटं काम होतं, दिवसाच्या कोणत्या वेळी शरीर सगळ्यात बरं असतं, आणि थकल्यावर सावरायला किती तास किंवा दिवस लागतात. प्रयोगाची लांबी, वेळ आणि दोन प्रयोगांमधलं अंतर या तीन उत्तरांवरून ठरतं. माझ्या पहिल्या वहीत संध्याकाळी सातनंतर डाव्या हाताची पकड सुटत असल्याची नोंद नऊ वेळा होती. तरीही मी पहिला प्रयोग रात्री साडेआठचा स्वीकारला. दुसरा सकाळी अकराला लावला, आणि तोच प्रयोग वेगळ्याच ताकदीने झाला.

आता पोशाख. तो शेवटी आणायची गोष्ट नाही, कारण शरीराला खरा धोका बहुतेक वेळा पोशाखातून येतो.

बाइंडर (छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं घट्ट अंतर्वस्त्र) घालणार असाल तर दिवसभरात एकूण आठ तासांच्या आत राहा. त्यात प्रवास, मेकअप, वाट बघणं सगळं मोजायचं. बाइंडरमध्ये बरगड्या पूर्ण फुलत नाहीत, म्हणून लांब वाक्यं, गाणं किंवा जोराची हालचाल असेल तर संहिता त्या श्वासाप्रमाणे कापा. लवचीक पट्टी किंवा साधी चिकटपट्टी छातीला कधीही गुंडाळू नका.

संवेदना नसलेल्या भागावर शिवण, बटण, चेन, खडे काहीही येऊ देऊ नका. तुम्हाला टोचल्याचं कळणार नाही आणि त्वचेला जखम होईल. व्हीलचेअरची गादी सोडून कडक जमिनीवर बसायचा प्रवेश असेल तर त्याची मिनिटं मोजा, आणि नंतर आरशात किंवा विश्वासातल्या माणसाकडून त्वचा तपासून घ्या. चिकटवायच्या दाढी-पापण्यांचा गोंद २४ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघा.

सावधान: पाठीच्या कण्याला छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर दुखापत असेल तर घट्ट कॉर्सेट, भरलेलं मूत्राशय, अगदी कपड्याची एखादी कडक घडीसुद्धा रक्तदाब अचानक आणि धोकादायक वाढवू शकते. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोक्यात ठोके पडल्यासारखं दुखणं, चेहरा लाल होणं, दुखापतीच्या वरच्या भागात घाम येणं ही त्याची लक्षणं. प्रयोग तिथेच थांबवायचा, ताठ बसायचं, घट्ट कपडे सैल करायचे, लघवीची नळी कुठे दुमडली आहे का ते बघायचं, आणि त्रास लगेच उतरला नाही तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवायची. विंगेतल्या एका माणसाला हे सगळं तोंडपाठ हवं.

## टप्पा २: कहाणी बाजूला ठेवा, प्रश्न ठरवा

जन्म, निदान, शस्त्रक्रिया, घरच्यांना सांगणं, स्वीकार: या क्रमाने लिहिलेली संहिता वाचताना पुढचं पान आधीच कळतं. ती खोटी असते असं नाही. पण डॉक्टरांनी विचारलेल्या प्रश्नांच्या क्रमाने आपण आपलं आयुष्य सांगायला शिकलेलो असतो, आणि तोच क्रम मंचावर येतो. दुसरा सापळा प्रेरणेचा. अपंग माणूस अंथरुणातून उठला तरी टाळ्या वाजवणाऱ्या नजरेला ऑस्ट्रेलियन विनोदकार आणि कार्यकर्त्या स्टेला यंग यांनी २०१२ मध्ये "इन्स्पिरेशन पॉर्न" असं नाव दिलं. त्या टाळ्या मिळवणं सोपं असतं, म्हणूनच त्या टाळायला मेहनत लागते.

प्रश्न कसा शोधायचा? "लोक माझ्याकडे बघतात तेव्हा" अशी सुरुवात असलेली वीस वाक्यं एका बैठकीत लिहा. पहिली दहा बहुतेक कुठेतरी ऐकलेली निघतील. खरं काम अकराव्यापासून सुरू होतं. वाक्य इतकं बारीक झालं पाहिजे की ते फक्त तुमच्याच शरीरातून आलेलं असेल.

एक उदाहरण. सार्वजनिक स्वच्छतागृहाबाहेर तीन पाट्या असतात: पुरुष, स्त्री आणि व्हीलचेअर. तिसऱ्या पाटीला लिंगच नसतं. ट्रान्स माणसाला ती जागा कधी सुटकेची वाटते. आयुष्यभर व्हीलचेअर वापरणाऱ्या स्त्रीला तीच पाटी सांगते की तुझ्यात बाई कुणी मोजलेली नाही. एका दाराची ही दोन टोकं एकाच शरीरात भेटली तर काय होतं? हा अर्ध्या तासाचा प्रयोग होऊ शकतो. किंवा दुसरा प्रश्न: रोज आपल्याला कपडे घालायला मदत करणाऱ्या माणसासमोर आपण कोणते कपडे मागू शकतो? ज्याला स्वतःची बटणं लावता येत नाहीत त्याच्या लिंगभावावर दुसऱ्याच्या हातांची मोहर असते. यावर मंचावर फार कमी काम होतं आणि व्हायला हवं.

प्रश्न मिळाला की संहितेतून दोन प्रकारचा मजकूर काढून वेगळा ठेवा. एक, जो दुसऱ्याचा आहे: आईचं रडणं, जोडीदाराचं आजारपण, मदतनिसाची चूक. त्यांची परवानगी घ्या किंवा तो भाग सोडा. दोन, जी जखम अजून ओली आहे.

तपासणी: सगळ्यात कठीण भाग एका मित्राला सांगा, आठवड्याच्या अंतराने तीनदा. तिसऱ्या खेपेनंतरही रात्री झोप लागत नसेल तर तो भाग या प्रयोगात नको. पुढच्या प्रयोगात कदाचित.

## टप्पा ३: रोजची एक कृती घ्या

इथे बहुतेक जण प्रतीकं शोधायला जातात. व्हीलचेअर म्हणजे पिंजरा, कुबड्या म्हणजे पंख, आरसा म्हणजे समाज. ही प्रतीकं आपल्या शरीराकडे बाहेरून बघणाऱ्यांनी बनवली आहेत. त्याऐवजी तुम्ही रोज करता ती एक कृती घ्या आणि तिच्याशी पाच-सहा तालमी घालवा.

कॅलिपर (कमकुवत पायाला आधार देणारी पट्ट्यांची लोखंडी चौकट) काढण्याचंच घ्या. घाईत चार मिनिटं लागतात. मांडीचा वरचा पट्टा सुटतो तेव्हा चामड्याचा कोरडा आवाज येतो. गुडघ्याची कडी वर सरकवली की लोखंड खट्‌कन वाजतं. मग पोटरीचा पट्टा, आणि शेवटी बुटातून पाय निघतो. मोज्यावर पट्ट्यांचे चौकोनी ठसे उमटलेले असतात. ही चार मिनिटं मंचावर आणली की आधी स्वतःलाच लाज वाटते, की एवढा वेळ लोक काय बघतील? ती लाज ओलांडायचा क्रम असा:

1. कृती नेहमीच्या वेगाने करा आणि घड्याळ लावून वेळ लिहा.
2. तीच दुप्पट वेळ घेऊन करा. कुठला आवाज, कुठला अवयव आतापर्यंत दिसत नव्हता ते लिहा.
3. नजर बदला. एकदा फक्त कॅलिपरकडे, एकदा थेट समोरच्या माणसाकडे बघत.
4. कृतीच्या मध्ये लिंगभावाची एक गोष्ट ठेवा: एक पट्टा सुटल्यावर लिपस्टिक, दुसरा सुटल्यावर मिशी, तिसऱ्यानंतर काहीच नाही.
5. यातलं जे खोटं वाटेल ते काढा. वेळ वाचवण्यासाठी काहीही काढू नका.

शेवटची सूचना पुन्हा वाचा. आपल्या शरीराला लागणारा वेळ हाच या प्रकारच्या कामाचा ताल आहे. तो कापून सरासरी शरीराच्या वेगात बसवला की उरतो तो देखावा. स्कॉटिश कलाकार क्लेअर कनिंगहॅम यांनी कुबड्यांच्या वापरातूनच हालचालींची स्वतःची पद्धत घडवली. ॲलिस शेपर्ड आणि लॉरेल लॉसन "डिसेंट" या नृत्यप्रयोगात व्हीलचेअर घेऊन एका मोठ्या वळणदार उतारावर नाचतात. तिथे रॅम्प मंचावर चढायची सोय म्हणून येत नाही, तोच मंच असतो. साधनाला रूपक करण्याआधी ते खरोखर काय करू शकतं ते बघितल्यामुळे हे शक्य झालं.

सावधान: तुमच्या शरीरात नसलेलं अपंगत्व मंचावर अंगावर घेऊ नका. डोळ्यांवर पट्टी बांधून अंधत्व कळत नाही आणि हात मागे बांधून हाताविना जगणं दाखवता येत नाही. प्रेक्षकांना ते "अनुभवायला" देणं तर त्याहून चुकीचं. लिंगभावाशी मंचावर खेळता येतं, कारण पोशाख आणि आविष्कार हीच त्याची एक भाषा आहे. दुसऱ्याचं अपंगत्व ही अशी भाषा नाही.

## टप्पा ४: वर्णन, कॅप्शन आणि सांकेतिक भाषा

कृती पक्की होण्याआधी हा टप्पा सुरू व्हायला हवा, आणि नेमका हाच सगळ्यात उशिरा होतो. अंध प्रेक्षकासाठी कृतीचं वर्णन लागतं, कर्णबधिर प्रेक्षकासाठी आवाजाचं. हे दोन्ही तुम्हीच लिहिलं तर ते संहितेचा भाग होतं. बाहेरच्या माणसाने तयार प्रयोगावर लिहिलं तर ते कानात घातलेल्या यंत्रातलं वेगळंच निवेदन होतं, आणि त्यात तुमच्या शरीराला कोणते शब्द मिळतील यावर तुमचा ताबा राहत नाही.

मराठीत ही अडचण जास्तच तीव्र आहे, म्हणून इथे जरा थांबू. आपलं क्रियापद लिंग सांगतं. "ती पदर सावरते" किंवा "तो मिशी पुसतो" असं एक वाक्य कानावर पडलं की अर्ध्या तासाचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला निकालात निघतो. डोळस प्रेक्षक अजून संभ्रमात असतात आणि अंध प्रेक्षकांना मात्र उत्तर देऊन टाकलेलं असतं. तुमचा प्रयोग ज्या गोंधळावर उभा आहे तो गोंधळ त्यांनाही मिळायला हवा.

वाट भाषेतच आहे. वर्णनात अवयवाला किंवा वस्तूला कर्ता करा: "उजवा हात वर जातो. बोटं हनुवटीपाशी थांबतात. पदर घसरतो." माणसाचं लिंग कुठेही येत नाही. प्रथमपुरुषी बोलत असाल तर सकर्मक भूतकाळ वापरा: "मी आरसा उचलला", "मी पट्टा सोडला", "मी दार उघडलं". इथे क्रियापद वस्तूप्रमाणे चालतं. भविष्यकाळही मोकळा आहे: "मी वळेन", "मी बसेन". आणि "मला" ची सगळी वाक्यं: "मला उठायचंय", "मला थंडी वाजते". फसवतात ती वर्तमानकाळाची रूपं आणि बसणं, जाणं, दमणं यांसारख्या अकर्मक क्रियापदांचा भूतकाळ. बोलणं, शिकणं, विसरणं, पिणं यांच्यापासूनही सावध राहा. ही सकर्मक असूनही बोलणाऱ्याचं लिंग उघड करतात. हा लेख इथवर वाचताना लिहिणारी व्यक्ती पुरुष की स्त्री हे तुम्हाला कळलं नसेल, तर ते याच वाटांमुळे.

नपुंसकलिंगाचा पर्याय, "मी आलं", "मी बसलं", काहींना मुक्त करणारा वाटतो. काहींना त्यात लहानपणी ऐकलेली शिवी ऐकू येते. तो वापरायचा तर तुम्हाला तो स्वतःसाठी हवा असेल तेव्हाच. वर्णन करणाऱ्याने तो परस्पर निवडू नये. आणि क्रियापद मुद्दाम बदलायचं असेल, पहिल्या पट्ट्याला "आलो" आणि दुसऱ्याला "आले", तर तो बदल ऐकू येईल इतकी शांतता आजूबाजूला ठेवा.

वर्णनात "सुंदर", "बिचारं", "विचित्र", "विकृत" असे निवाडे नकोत. दिसतं ते सांगा: "डावा खांदा उजव्यापेक्षा वर. पाठीचा कणा मध्ये उजवीकडे वळलेला. ओठ लाल, हनुवटीवर दोन दिवसांची दाढी." यातून ऐकणाऱ्याला स्वतःचं मत बनवता येतं.

सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांना संहिता किमान दोन आठवडे आधी द्या. लैंगिकतेबद्दलचे शब्द कोणत्या खुणांनी दाखवायचे हे एकत्र बसून ठरवा. काही प्रचलित खुणा हिणवणाऱ्या असू शकतात, त्यामुळे क्वीअर कर्णबधिर सल्लागार मिळाला तर त्याचं म्हणणं अंतिम माना. बहुतेक सांकेतिक भाषांत सर्वनाम म्हणजे बोटाने दाखवणं, त्यात लिंग नसतं. पण कलाकार कर्णबधिर असेल आणि त्याच्या खुणा मराठीत बोलून दाखवायच्या असतील, तेव्हा दुभाष्याला क्रियापद निवडावंच लागतं. ते कोणतं असेल हे आधी लिहून द्या. दुभाषी आणि तुम्ही प्रेक्षकांना एकाच नजरेत दिसाल असं बसवा, म्हणजे बघणाऱ्याला मान फिरवत बसावं लागत नाही. मंचावर अंधार झाला तरी दुभाष्यावर मंद दिवा राहू द्या.

कॅप्शन (पडद्यावर उमटणारा संवादांचा मजकूर) एका वेळी दोन ओळींहून जास्त नको. देवनागरीत वरच्या मात्रा आणि खालचे उकार एकमेकांत अडकतात, म्हणून ओळींमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा सोडा. आवाजही लिहा: "पट्ट्याचा आवाज", "लांब श्वास".

तपासणी: डोळे मिटून तुमच्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण ऐका. मग आवाज बंद करून चित्रीकरण बघा. दोन्ही वेळा प्रश्न पोचला तर पुढे चला.

## टप्पा ५: नग्नता, स्पर्श आणि बघणारे

कपडे काढायचे असतील तर तीन जणांचा होकार हवा: तुमचा, सभागृहाचा लेखी, आणि आत येण्याआधी कळल्यामुळे प्रेक्षकांचा. नियम जागोजागी वेगळे असतात, तोंडी "चालेल" वर विसंबू नका. तुमचा होकार प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी नव्याने विचारला जावा, आणि नकार आला तर काय करायचं हे आधीच बसवलेलं असावं. त्या प्रवेशाची कपडे घातलेली आवृत्ती तालमीत तयार ठेवा.

प्रेक्षकांना स्पर्शाची मुभा देणारे प्रयोग आकर्षक वाटतात. १९७४ मध्ये नेपल्समध्ये कलाकार मरिना अब्रामोविच यांनी ७२ वस्तू टेबलावर मांडल्या आणि त्या आपल्यावर हव्या तशा वापरण्याची मोकळीक प्रेक्षकांना सहा तासांसाठी दिली. सुरुवातीला लोक जपून होते. शेवटी त्यांचे कपडे कापले गेले होते, त्वचेवर जखमा होत्या आणि भरलेलं पिस्तूल त्यांच्यावर रोखलं गेलं होतं. ज्या शरीरांना रस्त्यावर आणि दवाखान्यातसुद्धा न विचारता हात लावला जातो, त्यांनी ही मोकळीक अशी सरसकट देऊ नये असं माझं ठाम मत आहे.

स्पर्श हवाच असेल तर चार गोष्टी मोठ्याने सांगा: कुठे, कशाने, किती वेळ, आणि थांबायची खूण कोणती. खूण दोन प्रकारची ठेवा, एक शब्द आणि एक हालचाल, कारण ऐन वेळी आवाज किंवा हात साथ देईलच असं नाही. व्हीलचेअर, कुबडी, कृत्रिम पाय हे तुमच्या शरीरातच मोजायचे. "खुर्चीला हात लावू नका" हे वेगळं सांगा, कारण लोक खुर्चीला सामान समजतात.

छायाचित्रांचं काय ते दारातच ठरवा. क्वीअर प्रेक्षकांमध्ये घरी न सांगता आलेली माणसं असतात, आणि त्यांचा चेहरा तुमच्या फोटोच्या मागे दिसू शकतो. फोन पिशवीत, आणि प्रसिद्धीसाठी तुम्ही निवडलेला एकच फोटो. तुमचं खरं नाव जाहिरातीत जावं का, हेही शांतपणे ठरवा. एकदा छापलेलं नाव परत घेता येत नाही.

## टप्पा ६: जागा स्वतः मोजा

एका सभागृहाने फोनवर "रॅम्प आहे" असं सांगितलं. रॅम्प होता, प्रेक्षकांच्या दारापाशी. मंचाला सात पायऱ्या होत्या. ज्या प्रयोगाचं पहिलं वाक्य "मला न विचारता उचलू नका" असं होतं, त्या प्रयोगासाठी चार जणांनी मला उचलून वर नेलं. त्या संध्याकाळी ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही.

म्हणून "आहे का?" असं विचारू नका. मोजपट्टी घेऊन जा किंवा कुणाला पाठवा, आणि गेटपासून मेकअपची खोली, तिथून स्वच्छतागृह, तिथून मंच असा सलग व्हिडिओ मागवा. मंचाकडे जाणाऱ्या रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे मंच ७५ सेंमी उंच असेल तर रॅम्प ९ मीटर लांब लागेल. इतकी लांबी मिळत नसेल तर मंच सोडून द्या आणि प्रेक्षकांच्या पातळीवर जमिनीवर प्रयोग करा. दारांची मोकळी रुंदी ९० सेंमी असली तर उत्तम, ८० पेक्षा कमी नको. व्हीलचेअर पूर्ण वळायला १५० सेंमी व्यासाची जागा लागते, ती स्वच्छतागृहातही मोजा. प्रेक्षकांतल्या प्रत्येक व्हीलचेअरला साधारण ९० गुणिले १२० सेंमी जागा द्या. ती शेवटच्या रांगेमागे एकगठ्ठा नको, आणि शेजारी सोबतच्या माणसाची खुर्ची हवी.

जमीन हाताने पुसून बघा. धुक्याच्या यंत्राचा ओलसर थर जमिनीवर बसला की कुबडीचं रबर घसरतं. दिवे सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लुकलुकायला नकोत. अपस्मार असलेल्यांसाठी हा प्रश्न आवडीचा नाही, सुरक्षेचा आहे.

## टप्पा ७: तालमीत वाईट दिवसाची आवृत्ती

तालीम ४५ मिनिटांच्या तुकड्यांत करा आणि मध्ये खरी विश्रांती घ्या. विश्रांतीत नोंदी वाचायच्या नाहीत. तालमीतल्या जोशात दुखणं कळत नाही, ते दुसऱ्या दिवशी येतं. म्हणून पहिल्या टप्प्यातली वही इथेही चालू ठेवा.

प्रत्येक प्रयोगाच्या तीन आवृत्त्या बसवा. पहिली पूर्ण. दुसरी बसून किंवा अर्ध्या हालचालींची. तिसरी पडून, फक्त आवाज आणि एक हात, किंवा तुमच्या शरीराला जे शेवटपर्यंत साथ देतं ते. तिसरी आवृत्ती किमान दोनदा पुरी करा, लोकांसमोर. अनेकदा तीच सगळ्यात सशक्त निघते, आणि मग पहिलीतलं बरंच काही गळून पडतं.

पडण्याची तालीमही करा. कसं पडायचं, विंगेतल्यांनी कधी यायचं आणि कधी यायचं नाही, उठायला कोणता हात हवा. तांत्रिक तालीम आणि प्रयोग एकाच दिवशी ठेवू नका. रंगीत तालीम पूर्ण पोशाखात, पूर्ण वेळेत, बाइंडर आणि कॉर्सेटसकट, आणि शक्य असेल तर प्रयोगाच्याच वेळेला.

तपासणी: विंगेतल्या माणसाला विचारा, "मी बोलू शकत नसेन तर तू काय करशील?" उत्तर लगेच आलं नाही तर आणखी एक तालीम लागेल.

## टप्पा ८: प्रयोगाचा दिवस आणि दुसरा दिवस

प्रेक्षकांना दोन दिवस आधी साध्या भाषेत कळवा: किती मिनिटं, नग्नता आहे का, मोठे आवाज कुठे, कोणत्या कठीण विषयांचा उल्लेख, बाहेर कसं जायचं, शांत खोली कुठे. मोकळा प्रयोग ठेवा, म्हणजे आवाज करणं, हलणं, बाहेर जाऊन परत येणं सगळं चालेल, आणि हे तिसऱ्या घंटेआधी मोठ्याने सांगा. टुरेट्स (आपोआप आवाज आणि हालचाली होण्याची स्थिती) असलेल्या ब्रिटिश कलाकार जेस टॉम यांना प्रेक्षक म्हणून एका कार्यक्रमात त्यांच्या आवाजांमुळे ध्वनिकक्षात जाऊन बसायला सांगितलं गेलं होतं. तुमच्या प्रयोगात असं कुणालाही सांगितलं जाणार नाही, हे दारावरच्या स्वयंसेवकांना नीट समजावा. अंध प्रेक्षक लवकर आले तर त्यांना मंचावर नेऊन कुबडी, पट्टे, कापड हाताळू द्या. मात्र नंतर तुमचा भार ज्यावर येणार आहे ती वस्तू परत तुम्हीच तपासा.

प्रयोगानंतर लगेच प्रश्नोत्तरं घेऊ नका. अंगावरचं सगळं उतरलेलं असताना "तुम्हाला नेमकं काय झालंय?" हा प्रश्न येतोच. चर्चा हवी असेल तर अर्ध्या तासाने, आणि प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या. निदान, शस्त्रक्रिया, गुप्तांग यांबद्दलच्या चिठ्ठ्या सूत्रसंचालकाने वाचायच्या नाहीत, हे आधी ठरलेलं असू द्या.

त्या रात्री एकटं राहू नका. कुणीतरी सोबत असावं, ज्याला प्रयोगाबद्दल बोलायची गरज वाटत नाही. कौतुकाचे निरोप आणि वाईट निरोप दोन्ही २४ तास बंद ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आधी वही: किती दुखतंय, कुठे, श्वास कसा, शरीर आपलं वाटतंय का. मग त्वचा तपासा, विशेषतः जिथे संवेदना नाही तिथे. कुबड्यांची रबरं उलटी करून बघा. एका बाजूने झिजली असतील किंवा मधलं लोखंड दिसत असेल तर पुढच्या तालमीआधी बदला. मुठींवरचा घाम आणि मेकअप ओल्या फडक्याने पुसून त्या उन्हात वाळत ठेवा. मग मोबाइल उघडा.